पालकांपैकी एकाने समक्ष यावे

६ जून

दादा,

नमस्कार. आधी गोड बातमी, मग काम, मग भांडण. तुला सगळं क्रमाने लागतं म्हणून.

यादी लागली आणि आपल्या मुंगीचं नाव तीत आहे, तेही पहिल्या पानावर. मी इस्पितळाच्या धुलाईघरातून अर्ध्या दिवसाची रजा काढून तिच्याबरोबर गेले होते. कॉलेजच्या फळ्यासमोर ही झुंबड! तुझी लेक लोकांच्या काखेखालून पुढे घुसली, नाव बघितलं, परत आली आणि मला म्हणाली, "आत्या, भूक लागली." एवढंच. तुझ्यावर गेली आहे. आनंद झाला की आधी चेहरा दगडासारखा करायचा. भूगर्भशास्त्रच मिळालं, तिला हवं होतं ते. मी इस्पितळभर सांगत सुटले, आमची भाची दगडांची डॉक्टर होणार. इस्त्रीवाली म्हणाली, "मग आपल्या साहेबांना एकदा दाखवून घ्या तिला."

आता काम. तू पाठवलेली अनामत भरली, पावती माझ्याकडे आहे. वर्षाची पूर्ण फी दहा जुलैच्या आत भरायची, नाहीतर जागा खालच्या नावाला जाते. यात दयामाया नाही, फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलंय. दुसरं म्हणजे वीस जूनला कॉलेजने बोलावलं आहे. कागदावर आहे, 'पालकांपैकी एकाने समक्ष यावे.' मोठ्या कॉलेजांत अशी पद्धत असते. घरची माणसं कशी आहेत बघतात, चार प्रश्न विचारतात, आणि त्यावरून काही मुलांना फीमध्ये सवलत मिळते म्हणे. तर तू ये. वहिनी आली तरी चालेल. खरं तर तीच आलेली बरी, पण तू ऐकायचा नाहीस.

भांडण पुढच्या पत्रात. जिना चढून दम लागलाय. मुंगी मजेत आहे. माझ्या दोन खोल्यांमधली एक खिडकी तिने तिच्या दगडांना देऊन टाकली आहे.

तुझी,
नकटी

११ जून, गुरुवार

नकटे,

तुझ्या पत्रावर तारीख आहे, वार नाही. फोन का करत नाहीस असं तू मागे विचारलं होतंस. दुकानातला फोन गिऱ्हाइकांसाठी आहे. शिवाय फोनवर माणूस अर्धं ऐकतो आणि उरलेलं स्वतःच्या मनाने भरतो. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

मुंगीची बातमी वाचून तुझी वहिनी रडली. मी दाराला रंग दिला. मंगळवार होता, दुपार मोकळी होती, डबा उघडून ठेवला तर रंग सुकतो.

आता ही पालकांची भेट. यात वहिनीला कशाला पाठवायचं? मी काय घरात झाकून ठेवायची वस्तू आहे? उलट टपाली मला नीट कळव: समितीत किती जण, कोणकोण, बसायला देतात की उभं ठेवतात, आणि प्रश्न मुलीबद्दल की घराबद्दल. तयारी केल्याशिवाय मी कुठे जात नाही. आठवीत माझी शाळा सुटली, शिक्षण सुटू दिलं नाही. वाचनालयातून भूगर्भशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. डोंगरसुद्धा झिजतात म्हणे, फक्त आपल्या डोळ्यांदेखत नाही. मी इतकी वर्षं चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासतो आहे. आमची पोर पृथ्वी कशी घासली जाते ते शिकणार. तसा फार लांबचा धंदा नाही.

लग्नातला कोट काढला. कॉलर झिजली होती, ती शिंप्याकडून उलटवून घेतली. एक बाही अर्ध्या बोटाने लांब आहे असं मी तेव्हाच म्हटलं होतं, तीही आता सरळ झाली. बूट आहेत. माझा सोनेरी फ्रेमचा चष्मा, जो मालकांनी मला भर दुकानात दिला होता आणि मी फक्त कार्याला लावतो, तो लावीन. मुलगी कोणत्या घरातून येते ते त्यांना दिसू दे.

तुझी वहिनी मागून म्हणते, "तिथे जाऊन खरं बोला म्हणजे झालं." मी म्हटलं, मी कधी खोटं बोललोय? तर म्हणते, "खोटं नाही हो बोलत. पण खरं तरी कुठे बोलता?" एवढा संसार झाला, या बाईला सरळ वाक्य म्हणून बोलता येत नाही.

फीची काळजी करू नकोस. सोय होत आली आहे.

दादा

१५ जून, सोमवार

दादा,

वार घातला आहे, खूश?

घाईत लिहिते. समितीत तिघं: उपप्राचार्य बाई, एक हिशेबनीस आणि एक म्हातारे गृहस्थ, जे कॉलेजला देणग्या देणाऱ्यांच्या वतीने बसतात. खुर्ची देतात. प्रश्न घराबद्दलच असतात.

कोट घालू नकोस. इथे भयंकर उकाडा आहे, घामाने निथळशील. तो सोनेरी चष्माही नको, बसमध्ये हरवेल. कामावर जातोस तसा ये. तिथे जास्त बोलू नकोस आणि ऐट तर अजिबात करू नकोस. विचारलं तेवढंच सांग. त्रास असेल तर त्रास आहे म्हण, त्यात काही लाज नाही.

आणि सोय होत आली म्हणतोस ती कुठली? वहिनीला पत्रातून विचारलं तर ती लिहिते, 'तुमचे दादाच सांगतील.' तुम्ही दोघं मिळून मला खुळ्यात काढताय.

त्या दिवशी माझी सकाळची पाळी आहे, सुटता येणार नाही. मुंगी फाटकाशी उभी राहील.

नकटी

२१ जून, रविवार

नकटे,

काल दुपारच्याच बसने परत निघालो, मालकांना एकाच दिवसाची रजा सांगितली होती. म्हणून तुझ्याकडे येणं झालं नाही. भेट फर्स्ट क्लास झाली. नीट सांगतो.

उकाडा होता हे तुझं खरं. पण कोट घालून गेलो ते बरंच झालं. बाहेरच्या बाकावर पाच-सहा पालक होते, एकाच्याही सदऱ्याला धड इस्त्री नाही. एक जण तर पायात साध्या चपला घालून आलेला. मुलांच्या आयुष्याचा प्रश्न, आणि ही तयारी! माझ्या आधीचा माणूस आत बराच वेळ होता. बाहेर आला तो डोळे पुसत. मी मनात म्हटलं, पोरगं ढ असणार, बापाला ऐकून घ्यावं लागलं.

मला आत बोलावलं. तिघांनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. बाईंनी खुर्ची दाखवली. त्यांच्या चष्म्याची एक दांडी सैल होती, सारखा नाकावर घसरत होता. माझ्या खिशात बारीक पेचकस असतो, पण मी तो काढला नाही. तिथे मी पालक होतो, कारागीर नव्हतो.

म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काय करता आपण?"

"चष्म्यांच्या दुकानात असतो."

"दुकान आपलं?"

मी म्हटलं, "पाटी मालकांची. पण दुकान माझ्यावर चालतं." यात खोटं काही नाही, गिऱ्हाईक आजही मला विचारत येतं.

हिशेबनीसाने विचारलं, कर्ज किती? मी म्हटलं, एक पैसा नाही. कोणाचं घेतलं नाही आणि कोणापुढे हात पसरला नाही. त्याने ते लिहून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "मुलीच्या फीचं काय करणार आहात?" त्यांच्या आवाजात काळजी होती. बाईमाणूस, पोरीबद्दल वाटणारच. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, "बाई, त्याची आपण चिंता करू नका. सोय झाल्यात जमा आहे. माझी मुलगी शिकणार म्हणजे शिकणार." मग विषय निघाला म्हणून डोंगर झिजण्याबद्दल दोन वाक्यं बोललो. म्हातारे गृहस्थ मान डोलवत होते.

शेवटी ते उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सगळे पालक तुमच्यासारखे असते तर आम्हाला काही कामच उरलं नसतं."

चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळात माझं काम झालं. फाटकाशी मुंगी उभी होती. "काय विचारलं, बाबा?" म्हणाली. मी म्हटलं, विचारायला त्यांच्याकडे काही उरलंच नाही. तिला सरबत पाजलं. तिने ते अर्धंच घेतलं. उन्हाने असेल.

सवलत कधी कळवतात?

दादा

२९ जून, सोमवार

दादा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा धुलाईघराच्या कपाटामागे बसून लिहिते आहे. बाहेर यंत्रं धडधडतात, माझं नाक ओढलेलं कोणाला ऐकू येत नाही.

सवलत नामंजूर झाली. फळ्यावर आपल्या मुंगीच्या नावापुढे शेरा आहे, 'पालक सक्षम.' तिने तो वाचला तेव्हा मी शेजारी होते. या वेळी भूक लागली म्हणाली नाही.

दादा, ती पालकांची भेट नव्हती. म्हणजे होती, पण तू समजलास तसली नव्हती. कॉलेजचा एक मदतनिधी आहे. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या मुलांची फी त्यातून भरतात. अर्ज मी भरला. तुझी कमाई अंदाजाने लिहिली, खाली सही मी केली, 'आत्या' म्हणून. अर्ज केला की पालकाला बोलावतात आणि खरंच गरज आहे का ते बघतात. चपला घालून आलेला तो माणूस गबाळा नव्हता रे. त्याला माहीत होतं तो कशाला आलाय. तुला माहीत नव्हतं, कारण मी तुला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर आला असतास? लहानपणी शेजारच्या काकूंनी तुला जुनी दप्तराची पिशवी दिली, तर तू वह्या सदऱ्यात कोंबून शाळेत गेलास. मला वाटलं, तुला काही कळू न देता काम होऊन जाईल. तू जाशील, दोन साधी उत्तरं देशील, ते लोक तुझा सदरा बघतील, आणि मग पत्र येईल की मुलगी हुशार म्हणून फी माफ. तुलाही बरं वाटेल. म्हणून तर कोट नको म्हणत होते मी! उकाडा कसला, मी ते लिहिलं त्या दिवशी इथे ढग होते.

चूक माझी. पण दादा, 'सोय झाल्यात जमा आहे' हे तू कोणाला सांगत होतास? ज्यांच्या हातात आपल्या पोरीची फी होती त्यांना!

आता ऐक. फेरविचार होतो. बुधवारी, आठ जुलैला, समिती शेवटची बसते. पालकाने पुन्हा समक्ष येऊन सांगावं लागतं की मला ही फी परवडत नाही. हेच वाक्य. माझं चालत नाही, मी विचारून आले. मुंगीचंही चालत नाही.

माझ्याकडचं सगळं गोळा केलं तरी फीच्या निम्मं होत नाही. तुझी सोय खरंच झाली असेल तर हे पत्र फाडून टाक आणि मला हव्या तेवढ्या शिव्या दे. नसेल झाली तर ये.

तुझी,
नकटी

२ जुलै, गुरुवार

तुझं पत्र पोचलं.

मला न सांगता, न विचारता तू मला मागणाऱ्यांच्या बाकावर नेऊन बसवलंस. वर मी तिथे कोट घालून बसलो. ते तिघे माझ्यावर हसले असतील. म्हातारा उभा राहिला तो मला बाहेर घालवायला, आणि मी हे घरी येऊन तुझ्या वहिनीला दोनदा सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दुकानात सांगितलं.

तू चादरी मोजतेस ना? मग माणसंही तशीच मोजतेस. घडी घातली की झालं.

मी येणार नाही. ते वाक्य माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही आणि ऐकणार नाही. दहा तारखेच्या आत पैसे पोचतील. कसे ते विचारू नकोस. मुंगीला सांग, पुस्तकं कोणती लागतात त्याची चौकशी करून ठेव.

तुझा भाऊ

४ जुलै

बाबा,

आत्याला न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र तिने मला दाखवलं नाही, पण तिच्या उशीखाली होतं आणि मी तुमचीच मुलगी आहे. कालपासून तिची चादरींची मोजणी चुकते आहे. साहेब ओरडले. ती ओरडून घेणारी बाई नाही हे तुम्हाला माहीत आहे, तरी मुकाट पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

आत्याने अर्ज भरला तेव्हा मी शेजारी बसले होते. शाईचं पेन माझं होतं. म्हणजे तुम्हाला न सांगणारी ती एकटी नाही. बोलायचं तर दोघींना बोला.

तुमच्या आदल्या दिवशी समितीने मलाही बोलावलं होतं. बाईंनी विचारलं, "वडिलांचं काम नियमित आहे का?" मी म्हटलं, "ते उद्या येतीलच, त्यांनाच विचारा." बाबा, मला माहीत होतं. हिवाळ्यापासून काचा कारखान्यातून कापूनच येतात आणि मालकांनी तुमचं काम निम्म्यावर आणलं आहे. तुम्ही आणि आईने मला कधी सांगितलं नाही. पण मंगळवारी तुम्ही दाराला रंग देता, गुरुवारी खिडक्यांना. मागे तर नळाच्या तोटीलाही दिलात. आपल्या घरात रंग द्यायचं आता काही उरलेलं नाही. मी समितीला हे सांगू शकले असते. पण जे तुम्ही कोणालाच सांगितलं नाही ते मी तुमच्याआधी परक्यांना कसं सांगणार? आत्यालाही सांगितलेलं नाही.

मी आत्याच्या धुलाईघरात बदलीवर लागले आहे. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी. दोघींनी मिळून चादर धरायची, ताणायची, कोपरे जुळवायचे. वाफेने चष्मा धुरकटतो, पण काम वाईट नाही. कॉलेज म्हणतं, नऊ तारखेपर्यंत जागा सोडली तर अनामत परत मिळते. म्हणून नऊला सकाळी मी तसा अर्ज देणार आहे. उगाच तेही पैसे का घालवायचे?

मी रागावले नाही. पुस्तकांची चौकशी केली नाही.

मुंगी

८ जुलै, बुधवार

नकटे,

हे पत्र तुमच्या इस्पितळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याजवळ देतो आहे. त्याला सांगितलंय, धुलाईघराच्या बाईंच्या हातातच द्यायचं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय, टेबल डुगडुगतं, अक्षर सांभाळून घे. आत यायला हवं होतं. आलो असतो तर तू विचारलं असतंस, आणि आज ते पुन्हा तोंडाने बोलायचं त्राण माझ्यात नाही. लिहून सांगतो.

आधी महत्त्वाचं. मुंगीला उद्या जागा सोडायचा अर्ज देऊ देऊ नकोस. वाटेल ते कर, तिच्या चपला लपव. शिकवण्याची फी माफ झाली. प्रयोगशाळेची आणि त्यांच्या त्या डोंगरातल्या सहलींची आपण भरायची. तेवढे माझ्याकडे आहेत, बरोबर आणले होते, आजच भरले. पावती या पाकिटात आहे.

आता बाकीचं. तिचं पत्र सोमवारी आलं. तुझ्या वहिनीने मला मोठ्याने वाचायला लावलं. रंगाचं आलं तिथे मी थांबलो. ती म्हणाली, "वाचा की. पोरीला दिसलं, तुम्हाला दिसत नव्हतं?" मग उठून तिने घरातला रंगाचा डबा उचलला आणि शेजाऱ्यांना देऊन आली.

मी 'सोय' म्हणत होतो ती अशी. मालकांकडे आगाऊ रक्कम मागितली होती. ते म्हणाले, "निम्म्या कामाला आगाऊ कशाची देऊ?" वाईट माणूस नाही, त्यांचंही दुकान आता तयार काचांवर चालतं. मग बँकेत गेलो. शिक्षणासाठी कर्ज देतात, पण पगाराचा दाखला लागतो. मालकांनी तो लिहून दिला, त्यात माझा आताचा पगार होता. मी दाखला खिशात घातला, बँकेतल्या खिडकीपर्यंत गेलो आणि पलीकडच्या पोराला वेळ काय झाली ते विचारून परत आलो. त्याच्यामागे घड्याळ होतं. तुला रागाने लिहिलं त्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा तसाच परत आलो. एवढीच सोय होती, नकटे.

आज सकाळी गेलो. कामावर जातो तसा. बाकावर बसलो. शेजारी एक गृहस्थ होते, चकचकीत बूट, गळ्यात टाय, मांडीवर मुलीच्या प्रमाणपत्रांची फाईल. सारखे टायची गाठ चाचपत होते.

माझा नंबर लागला. म्हाताऱ्यांनी मला ओळखलं. "तुम्हीच ना, सोय झाली म्हणणारे?" म्हणाले. टोमणा नव्हता, खरंच आठवत होते. मी म्हटलं, हो. बाई म्हणाल्या, "मग आज कसं येणं केलं?"

मी बोलायला लागलो. म्हटलं, काळ बदलतोय, धंद्याचं स्वरूप बदलतंय, यंत्रं आली की कारागिराची... बाईंनी थांबवलं. "हे बरोबर आहे, पण मला लिहून घ्यायचंय. तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा."

खोटं नाही सांगत, त्या वेळी तिथून उठून जावं असं वाटलं. दाराकडे बघितलंसुद्धा. दाराच्या काचेतून फळा दिसत होता, आणि त्याच्यापुढे तिच्या वयाची दोन पोरं उभी होती.

मी म्हटलं, "मला ही फी परवडत नाही."

हिशेबनीस म्हणाला, "काय? पंख्यामुळे ऐकू आलं नाही."

वर पंखा खडखडत होता, पात्याचा तोल गेलेला. मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने. बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असणार. "माझं काम निम्म्यावर आलं आहे. मला मुलीची फी परवडत नाही." त्याने ते लिहून घेतलं, जसं मागे कर्ज नाही म्हटलेलं लिहून घेतलं होतं, तसंच. त्याच पेनने. कोणी हसलं नाही, कोणी उठून उभं राहिलं नाही. बाईंनी मालकांचा दाखला आहे का विचारलं. तो खिशात होता, घड्या पडून मऊ झालेला. त्यांनी तो हाताने सरळ केला, वाचला, फाईलला लावला. मग बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने शिपाई येऊन कागद देऊन गेला.

मी बाहेर थांबलो होतो तेव्हा त्या टायवाल्यांनी हळूच विचारलं, "आत काय काय विचारतात हो?" मी म्हटलं, "फार काही नाही. पण एका वाक्यात सांगा आणि मोठ्याने सांगा, पंखा फार वाजतो." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टाय काढली, गुंडाळली आणि फाईलमध्ये ठेवली. पुन्हा काढून घातली. त्यांचा नंबर आला तेव्हा ती गळ्यात होती की फाईलमध्ये ते मी बघितलं नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. मला आधी सांगायला हवं होतंस. मी आलो नसतो हेही खरं आहे, पण सांगायला हवं होतंस. आणि चादरींवरून जे लिहिलं ते लिहायला नको होतं. ते पत्र फाडून टाक. उशीखाली कसली पत्रं ठेवतेस?

मुंगीला सांग, बदलीचं काम त्या बाईच्या जागी दुसरं कोणी मिळेपर्यंत कर, मध्येच सोडू नकोस, पण वर्ग सुरू झाले की बंद. आणि पुस्तकांची चौकशी.

आणखी एक. ही माफी एका वर्षाची आहे. कागदाच्या तळाशी लिहिलंय, दरवर्षी पालकांपैकी एकाने समक्ष येऊन परिस्थिती सांगावी. मी बाईंना विचारलं, पत्राने कळवलेलं चालेल का? नाही म्हणाल्या. म्हणजे अजून दोनदा.

तू पुढच्या जूनची रजा आतापासून मागून ठेव. आत मी एकटाच जाईन. तू बाहेर बाकावर बस.

दादा